निवडलेला तांदूळ

मोहबोडीच्या कापगत्यांच्या घरात तांदूळ निवडण्याचे काम सुनेकडे कधीच गेले नाही. स्वयंपाक सुनेने करावा, झाडलोट यंत्राने करावी, बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, मुलाने जावे. पण सूप घेऊन ओसरीवर बसण्याचा मान अनुसयाबाईंचा. सत्तरी उलटली तरी त्यांच्या नजरेतून खडा सुटत नसे. "ज्या घरच्या भातात खडा लागतो, त्या घरच्या शब्दावर विसंबू नये," असे त्या गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीला ऐकवीत, आणि त्यांच्या पंगतीत बसलेल्या एकाही माणसाच्या दाताखाली आजवर खडा आला नव्हता. त्यांच्या शब्दाचेही तसेच होते. बांधावरचा तंटा असो की सोयरिकीतली कुरबुर, "अनुसयाबाई काय म्हणतात?" एवढे विचारून लोक उठत आणि मिटले असे समजून घरी जात.

अलीकडे सुपात खडे उरलेच नव्हते. गिरणीतली यंत्रे ते टिपून घेत. त्यांच्या जागी पिवळी कणी आली होती.

ती का आली, हे समजून घ्यायला हवे. हवेत कर्बवायू दाटत गेला तसे धान जोमाने वाढू लागले. लोंब्या वाकल्या, कोठ्या भरल्या, शेतकरी हरखला. परंतु त्या दाण्यात पिष्ट तेवढे वाढले होते. शरीराची बारीकसारीक कामे ज्यांच्यावर चालतात ती ब-गटातली जीवनसत्त्वे मात्र ओसरली होती. पोट भरे आणि शरीर उपाशी राही. पाहणीत हे उघड झाले तेव्हा सरकारने कायदाच केला. तांदळाच्या पिठात जीवनसत्त्वे मळून, त्याचे तांदळाच्या आकाराचे दाणे पाडून, प्रत्येक गिरणीने ते भरडलेल्या धानात मिसळावेत. मग धान विकायचे असो की घरी खायचे. त्या दाण्यांतले रायबोफ्लेविन नावाचे जीवनसत्त्व जात्याच पिवळे, म्हणून कणी पिवळी.

अनुसयाबाई ती एकूण एक निवडून काढीत.

"वहिनी, हे कणी कायले निवडता जी?" त्यांचा धाकटा दीर देवाजी एकदा ओसरीवर टेकता टेकता म्हणाला. "जीवनसत्त्व आहे म्हणतेत त्याच्यात."

"भाऊजी, ते रेशनवर जगणाऱ्यांसाठी. त्यांना धान्य कुठलं मिळतं, कसलं मिळतं, देव जाणे. माझ्या बांधीत जे पिकलं नाही, ते माझ्या हंड्यात शिजणार नाही."

"कायदा आहे न पण."

"कायदा गिरणीपर्यंत. उंबऱ्याच्या आत मी आहे."

देवाजी हसला आणि चहा मागून मोकळा झाला. ह्या घरात वाद घालून कोणी चहापेक्षा अधिक काही मिळवल्याचे त्याला आठवत नव्हते.

*

अनुसयाबाईंचा एकुलता मुलगा लोकेश वडिलांच्या पश्चात गावी परतला होता. तोवर तो बायको-मुलीसह नागपुरात होता. गावच्या तलावाचे पाणी वाटण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कापगत्यांकडे होते. आता त्याला कार्यालय आले होते, पगार आला होता, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडायला वीज आली होती, तरी कोणत्या बांधीला आधी पाणी हे ठरवायला माणूस लागेच. लोकेशने ते काम पत्करले. सून प्रणाली गावच्या शाळेत शिकवू लागली. नात ओवी दिवसभर तलावाच्या पाळीवर हुंदडू लागली. अनुसयाबाईंना वाटले, घर पुन्हा घरासारखे झाले.

लोकेशला वयात येताना मिरगीचे झटके सुरू झाले होते, पण त्याचे आता कोणाला भय उरले नव्हते. ह्याचे श्रेय एका विलक्षण शोधाकडे जाते. आपण औषध घेतो, ते आपले काम करते आणि मग यकृत त्याला मोडून शरीराबाहेर घालवते. हे मोडणे प्रत्येकात निराळ्या वेगाने चालते. एकाचे यकृत चपळ, दुसऱ्याचे संथ. म्हणून एकाला जी मात्रा अपुरी, तीच दुसऱ्याला विषासारखी. पूर्वी डॉक्टर अंदाजाने मात्रा देत आणि पुन्हा पुन्हा रक्त काढून अंदाज सुधारीत. आता रुग्णाच्या कातडीतल्या काही पेशी घेऊन, त्यांना मूळ पेशींच्या अवस्थेत मागे फिरवून, त्यांच्यापासून प्रयोगशाळेत यकृताचा एक कण वाढवीत. मसुराच्या डाळीएवढा तो कण रुग्णाच्याच कुळीचा, रुग्णाच्याच स्वभावाचा. लोक त्याला 'जुळे' म्हणत. दर महिन्याला त्या जुळ्याला औषध पाजायचे, ते किती वेगाने मोडते हे पाहायचे आणि त्याप्रमाणे रुग्णाच्या घरच्या मात्रापेटीला हुकूम धाडायचा. पेटी रोज सकाळी बरोबर तेवढेच थेंब देई. सुई नाही, रक्त नाही, अंदाज नाही.

लोकेशचे जुळे नागपुरात होते. त्याला वर्षानुवर्षे एकही झटका आला नव्हता.

गावी आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याचे पाऊल अडखळू लागले.

*

"वहिनी, राग नका धरू," देवाजी उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला. नेहमीप्रमाणे तो आत आला नाही, त्यावरूनच बातमी बरी नाही हे अनुसयाबाईंनी ओळखले.

"बोला."

"लोकेश पाळीवरून येत होता. झोकांड्या खात. चिंधू मेश्रामाचे पोट्टे मागून तशीच नक्कल करत होते. मी हाकललं त्यायले."

"दुपारी?"

"भर दुपारी जी."

अनुसयाबाईंनी सूप बाजूला ठेवले. लोकेश आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. चाळिशीला टेकलेल्या मुलाला त्यांनी लहानपणी चोरून बोरे खाल्ल्यावर म्हणत तसेच म्हटले, "तोंड उघड."

"आई, काय हे?"

"उघड म्हणते ना."

वास काही आला नाही. पण 'काय हे' हे दोन शब्दच एकमेकांत पाय अडकल्यासारखे बाहेर आले होते. त्याच्या डोळ्यांची बुबुळे कडेला जाऊन थरथरत होती.

"वास न येणारी दारू निघाली आहे म्हणतात हल्ली," त्या म्हणाल्या. "कोण देतं तुला?"

"मी पीत नाही. जीभ जड झालीय, बस. चालताना जमीन थोडी हलते."

"जमीन हलते!" अनुसयाबाई म्हणाल्या. "तुझ्या आजोबांनी बांधलेली जमीन आहे ती. ती हलत नाही."

प्रणाली शाळेतून आली होती. ती पदर खोचत मध्ये पडली. "आई, औषधाचं काही असेल. आपण विचारू या ना."

अनुसयाबाई अविचारी नव्हत्या. त्यांनी स्वतः नागपूरच्या केंद्राला फोन लावला. उत्तर लगेच आले. जुळे तपासले, मात्रा अचूक आहे, झटका नाही, काळजीचे कारण नाही. मात्रापेटीवरचा हिरवा दिवाही तेच सांगत होता. औषध बरोबर, अन्न घरचे, घराण्यात दुसरा आजार नाही. मग उरले काय? त्यांनी तांदूळ निवडावा तशा एकेक शक्यता निवडून टाकल्या, आणि सुपात जी उरली तिच्यावर विश्वास ठेवला.

*

मोहबोडीत पिणाऱ्याला सोडवण्याची एक रीत होती. त्याला तलावाच्या पाळीवर उभे करायचे, सारा गाव जमवायचा, आणि तलावाचे पाणी ओंजळीत घेऊन त्याने शपथ घ्यायची. ज्या पाण्यावर आपण जगतो त्याच्याशी खोटे बोलायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. अनुसयाबाईंच्या सासऱ्यांनी सख्ख्या भावाला तसे उभे केले होते. आपल्या माणसाला झाकतो तो गावाला काय सांभाळणार, हे त्यांचे म्हणणे त्या घरात देवासारखे पूजले जाई.

रविवारी सकाळी गाव जमला. अनुसयाबाई हिरवे इरकल नेसून पाळीवर आल्या.

"माझा मुलगा पितो," त्या स्पष्ट म्हणाल्या. "परक्याचा असता तर तुम्ही त्याला इथे आणलं असतं. माझा आहे, म्हणून मी आणला."

बायका पदराआडून पाहत राहिल्या. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अशी माय पाहिजे, बापा."

लोकेश मान खाली घालून पायऱ्या उतरला. त्याने वाकून ओंजळ भरली आणि उठला. ओंजळ छातीपाशी आणताना त्याचे हात थरथरू लागले. जितक्या नेटाने तो त्यांना स्थिर करू पाही, तितके ते अधिक हलत. पाणी बोटांमधून, मनगटांवरून, सदऱ्यावर सांडले. शपथेचे शब्द तोंडातून निघेपर्यंत ओंजळीत थेंब उरला नव्हता.

"अजून उतरली नाही वाटते," मागून कोणी तरी बोलले, आणि पाळीवर हशा पिकला.

लोकेशने आईकडे पाहिले. अनुसयाबाईंनी नजर वळवली नाही. त्या म्हणाल्या, "पुन्हा भर."

त्याने पुन्हा भरली. पुन्हा सांडली.

त्याच दुपारी प्रणालीने सामान आवरले. तिचे वडील दारूनेच गेलेले. त्या घरातले तिचे बालपण कसे होते, हे तिने अनुसयाबाईंना एकदाच आणि थोडक्यात सांगितले होते.

"आई, तुम्हाला खात्री आहे?" ओवीचे दप्तर खांद्यावर घेत तिने विचारले.

"मी खात्रीवाचून बोलते का?"

"नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तुम्ही सांगितलंत, म्हणूनच जाते." तिने ओवीचा हात धरला. "ओवीला मी अशा घरात वाढवणार नाही. नागपूरची शाळा मला परत घेईल. त्यांनी दारू सोडली की कळवा. त्याच दिवशी येईन."

"कळवीन," अनुसयाबाई म्हणाल्या.

मुलगा सुधारायचा तर त्याला डोळ्यांआड होऊ द्यायचे नाही. त्यांनी त्याचे कार्यालय सोडवले. तिथल्या उपाहारगृहात तो दुपारी जे काही खाई, ते बंद झाले. "बाहेरचं एक शीत तोंडात जाणार नाही," असे त्यांनी बजावले. दूध त्याला लहानपणापासून पचत नसे, आणि अंडे-मांस ह्या माळकरी घरात येण्याचा प्रश्नच नव्हता. भाजी उकडून पाणी ओतून द्यायची पद्धत सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेली. त्या स्वतःच्या हाताने निवडलेला, शुभ्र, एका रंगाचा भात त्याच्यापुढे वाढीत आणि शेवटच्या घासापर्यंत समोर बसून राहत.

लोकेश मुकाट्याने जेवी. पहिल्यासारखे विनोद तो आता करीत नसे. जिभेला ते पेलत नसत. एकदा मात्र घास ओठांऐवजी गालाला लागला, तेव्हा तो हसून म्हणाला, "आई, आता तरी पटलं का? इतकी पिऊन कुणाला तोंडसुद्धा सापडत नाही, असं गावात दुसरं कुणी आहे?"

"बोलू नकोस. जेव," अनुसयाबाई म्हणाल्या.

उन्हाळा तापू लागला तेव्हा तो अंगणातल्या अंगणात पडला आणि त्याला उठता येईना. देवाजीने गाडी काढली.

*

नागपूरच्या रुग्णालयातल्या डॉक्टर उईके वयाने प्रणालीएवढ्याच असतील. त्यांनी लोकेशला नाकाला बोट लावायला सांगितले, एका रेषेवर चालायला सांगितले, डोळ्यांपुढून पेन फिरवले. मग त्यांनी एक गोष्ट केली जी आता सहसा कोणी करीत नसे. जुन्या रीतीने त्याचे रक्त काढले.

निकाल आल्यावर त्यांनी अनुसयाबाईंना आपल्या खोलीत बोलावले.

"त्यांनी दारूला स्पर्शही केलेला नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात त्यांचं स्वतःचंच औषध भरलंय. असायला हवं त्याच्या कितीतरी पट."

"पेटी बिघडली?"

"पेटी ठीक आहे. मात्राही जुळ्यानं सांगितली तीच. मला तेच कळत नव्हतं." डॉक्टर अनुसयाबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होत्या. "आजी, तुमच्या ओठांच्या कडा चिरल्यात. किती दिवसांपासून?"

"वय झालं. त्याचं काय आता?"

"जीभ दाखवता?"

ह्या वयात त्यांना कोणी तोंड उघडायला सांगितले नव्हते. त्यांनी उघडले. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली होती.

"घरी भात कुठला खाता?"

"स्वतःच्या शेतातला. निवडलेला."

"निवडलेला म्हणजे?"

अनुसयाबाईंनी सांगितले. लपवण्यासारखे त्यात त्यांना काही दिसतच नव्हते. उलट सांगताना त्यांचा कणा नेहमीसारखाच ताठ होता. डॉक्टर उईके मात्र खुर्चीत हळूहळू मागे टेकल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही दाखवते."

प्रयोगशाळेत काचेच्या असंख्य चौकोनी डब्यांतून एक त्यांनी पुढे ओढला. आत एक तांबूस कण होता. त्याच्या अवतीभोवती पिवळसर पाणी मंदपणे फिरत होते.

"हे लोकेशचं जुळं. आता तुम्ही तलाववाल्या आहात, तुम्हाला लगेच समजेल. औषध रोज आत येतं, जसं ओढ्याचं पाणी तलावात येतं. यकृत म्हणजे तुमचं तुडूम. तिथून ते बाहेर जातं. येणारं आणि जाणारं सारखं असलं की पातळी राहते. यकृतात औषध मोडणारी विकरं असतात, पण ती एकटी काही करू शकत नाहीत. त्यांना शक्ती आणून देणारा एक वाहक लागतो, आणि त्या वाहकाच्या हातात जे असतं, ते रायबोफ्लेविनपासूनच बनतं. शरीराला ते साठवून ठेवता येत नाही, रोज खावं लागतं. ते मिळालं नाही की वाहक रिकाम्या हातानं उभा. विकरं आहेत, पण काम ठप्प. तुडूम बुजलं आणि ओढा चालूच राहिला."

"मग ह्याला का नाही कळलं?" अनुसयाबाईंनी काचेकडे बोट केले. "हे त्याचंच ना?"

"त्याचंच."

"ह्याला खायला काय घालता?"

"सगळं. जे जे लागतं ते सगळं, भरपूर. नाहीतर ते जगत नाही."

अनुसयाबाई त्या पिवळ्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "म्हणजे दोघं एकाच कुशीतले," त्या शेवटी म्हणाल्या. "एकाला तुम्ही तूपरोटीवर ठेवलं, आणि त्याची भूक पाहून दुसऱ्याचं पान वाढलं. दुसरा माझ्याकडे होता."

"आजी, चूक आमची मोठी आहे. कणी सगळे खातातच, असं आम्ही धरून चाललो. जुळी आली आणि आम्ही रक्त पाहायचं सोडलं. कुणी एकानं तरी—"

"वाटून घेऊ नका, डॉक्टर," अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या घरच्या गोष्टीत मी भागीदार घेत नाही. आता औषध उतरवा आणि त्याला उभा करा."

"औषध उतरेल. जीवनसत्त्व सुरू केलंय, यकृत महिन्याभरात पूर्ववत होईल. पण लहान मेंदू... तोल, हात, जीभ सांभाळणारा भाग. इतके महिने ते औषध त्यावर साचून होतं. तिथल्या पेशी मेल्यात. त्या पुन्हा उगवत नाहीत."

"यकृत उगवता ना? मग हेही उगवा."

"पेशी उगवता येतील कदाचित. पण पहिलं पाऊल टाकल्यापासून लोकेश जे शिकले, ते त्या पेशींत होतं. नव्यांना ते ठाऊक नसेल, आणि त्या शिकायला तयार होत नाहीत. आम्ही करून पाहिलंय." डॉक्टर उईकेंनी डबा परत जागी सरकवला. "आहे त्याहून वाईट होणार नाही. बरंही होणार नाही. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"बोलूही नका," अनुसयाबाई म्हणाल्या. परत फिरताना त्यांनी भिंतीला हात लावला. आजवर त्यांनी चालताना कशाचा आधार घेतला नव्हता.

*

घरी आणल्यावर त्यांनी लोकेशला सारे सांगितले. काही कमी केले नाही. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. डोळे एका जागी ठरत नसल्यामुळे तो आपल्याकडे पाहतो आहे की नाही, हे त्यांना समजत नव्हते.

"म्हणजे मी पीत नव्हतो," तो सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा म्हणाला.

"नव्हतास."

"अरे वा." तो हसला. "मलाच शंका यायला लागली होती."

अनुसयाबाई हसल्या नाहीत. "मी तुला साऱ्या गावासमोर खोटं पाडलं. साऱ्या गावासमोरच तुला उभं करीन."

"उभं? कसं, आई? बांधून?"

त्यांनी देवाजीला बोलावणे धाडले आणि रविवारी गाव जमवायला सांगितले. काय झाले ते त्यालाही समजावले: जुळे, यकृत, रायबोफ्लेविन, कणी. देवाजी मान हलवत ऐकत राहिला. मग तो खूप प्रेमाने म्हणाला, "बरं केलं वहिनी. मायचं काळीज आहे. झाकाच लागते."

"भाऊजी, मी झाकत नाही आहे. खरं सांगते."

"हो जी, हो. मी कोठी काही म्हणतो? लोकायले असंच सांगू, यकृत गेलं म्हणून. पिणाऱ्याचं यकृतच जाते न, कोणी विचारणार नाही."

अनुसयाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात त्यांच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. आजही त्याने ती घेतली नव्हती. पाळीवर उच्चारलेला शब्द त्याने इतका खरा मानला होता की त्याच्या जागी दुसरा बसवायला आता त्याच्याकडे जागाच नव्हती.

तो गेल्यावर त्या आत वळल्या. "गाव मानो न मानो. प्रणाली मानेल. मी उद्या तिच्याकडे जाते, डॉक्टरांना घेऊन."

"नको."

"का नको? ती तुझी बायको आहे. तिला परत—"

"म्हणूनच नको." लोकेशला बोलताना घाम फुटत होता, पण तो थांबेना. "तिला कळलं तर ती त्याच दिवशी येईल. तिनं सांगितलं होतं ना तुला? येईल. नोकरी टाकून येईल. आणि मग माझं तोंड पुसत बसेल. लहानपणी बापाचं पुसलं, आता माझं. बापाला निदान वाटलं असतं तर दारू सोडता आली असती, आई. मला काय सोडता येईल?"

"तिचा हक्क आहे खरं कळण्याचा."

"आहे. पण ओवी सात वर्षांची आहे. पिणाऱ्या बापाला सोडून आलेली बाई लोकांना समजते. तिला दुसरं घर मांडता येईल पुढे. आजारी नवऱ्याला सोडून आली, तर तिला मरेपर्यंत कुणी सुखानं जगू देणार नाही. तीच स्वतःला जगू देणार नाही."

बाहेर तुडुमाचे पाणी पाटात पडत असल्याचा आवाज येत होता. आता दुसरेच कोणी ते सोडीत होते.

"हे घर पिणाऱ्याचं घर म्हणून राहील," अनुसयाबाई म्हणाल्या. "कापगत्यांचं."

"राहू दे. तू दिलेला शब्द आहे, आई. सगळ्यांनी मानलाय. वाया नको घालवू."

त्याच्या हनुवटीवर लाळ ओघळली होती. ती त्याने पुसायला हात उचलला. हात भलतीकडे गेला. अनुसयाबाईंनी पदराने पुसली. त्याने पुसू दिली आणि डोळे मिटले.

*

रविवारी गाव जमवायचे अनुसयाबाईंनी रद्द केले. प्रणालीचा फोन पुढच्याच आठवड्यात आला. ओसरीवर बसलेल्या अनुसयाबाईंनी तो उचलला. आतल्या खोलीचे दार उघडे होते आणि खाटेवरून लोकेशचे न ठरणारे डोळे त्यांच्याच दिशेने वळलेले होते.

"आई, कशा आहात?"

"बरी आहे. ओवी?"

"रोज विचारते. तलावात बदकं आली का, बाबा कधी येणार." प्रणाली म्हणाली. "इथं एक जागा कायमची मिळतेय. पण अजून हो म्हटलं नाही मी. गावाहून कुणी काय काय सांगतं, ते पडले, दवाखान्यात होते... मला कुणाचं ऐकायचं नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. सोडली का त्यांनी?"

अनुसयाबाईंच्या ओठांची चीर भरत आली होती, तरी बोलण्यासाठी तोंड उघडताच ती ताणली आणि दुखली. सासऱ्यांनी जिथे बसून गावाचे निवाडे केले, त्याच जागी त्या बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून ह्या जागेवर आजवर खोटे निघाले नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या. "सोडली नाही. सुटणारही नाही त्याची. तू त्या जागेला हो म्हण, आणि इकडे येऊ नकोस."

पलीकडे प्रणालीने ओवीला दुसऱ्या खोलीत पाठवल्याचे ऐकू आले.

"बरं," प्रणाली म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणजे खरंच असणार."